सून मागसून येता

सिंधुदुर्गात जायचं असेल तर थंडीत जा, मासे ताजे मिळतात, हवा बरी असते, असं सगळेच सांगतात. मीही तेच सांगेन. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती आधी ऐकून घ्या. तिकडच्या माणसाला कुठल्याही गोष्टीची तारीख विचारू नका. मी विचारली. आठवडाभर रोज विचारली. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आणि त्यांच्या कपाळावर एक आठी पडली नाही.

मी नागपूरची, शाळेतली बाई. कोणत्या वर्गावर कोणत्या तासाला कोण जाणार, हे वेळापत्रक शाळेत वर्षानुवर्षं मीच बनवते. अशा बाईला कुणी गावपळणीला पाठवतं का? पण पाठवली.

गावपळण म्हणजे काय, ते मलाही जाईपर्यंत धड कळलं नव्हतं. मालवणच्या बाजूला काही गावं आहेत, जिथे तीन-चार वर्षांतून एकदा अख्खं गाव घरदार सोडून वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वरात. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी पाऊल टाकत नाही. गाव देवाला मोकळं करून द्यायचं. मग देवाला विचारायचं, येऊ का परत? देव हो म्हणाला तरच परत यायचं. विचारण्याची रीत म्हणजे कौल. गुरव देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. परत कधी यायचं हे जसं कौलावर, तसं निघायचं कधी हेही कौलावरच. म्हणजे कॅलेंडर बघायची सोयच नाही.

गाव माझ्या सासूबाईंचं माहेर. नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच रील काढणाऱ्यांची झुंबड नको. आईंचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. लहानपणी आईचं बोट धरून त्या गावपळणीला चालत गेल्या होत्या. लग्न होऊन नागपूरला आल्या आणि मग कधी जमलंच नाही. यंदा भाच्याचा फोन आला आणि त्यांनी हट्टच धरला. "आमच्या दारातून वेशीपर्यंत माझ्या पायांनी चालत जायचंय, वैशाली. एकदाच. पुढची होईल तेव्हा मी असेन का?"

नवऱ्याचं नेमकं ऑडिट निघालं. "तू जाऊन ये ना तिच्याबरोबर," तो म्हणाला, "फक्त तिला फार चालू देऊ नकोस." म्हणजे आईंना चालण्यासाठी न्यायचं आणि चालू द्यायचं नाही. वा रे वा!

कुडाळ

स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात संत्र्यांची पेटी, दुसऱ्या हातात आईंची बॅग, खांद्याला माझी. नागपूरहून निघताना संत्री न नेणं म्हणजे लग्नाला आहेराशिवाय जाणं. आईंच्या हातात काठी आणि चेहऱ्यावर असं काही तेज, की मला जरा धास्तीच वाटली.

त्यांचा भाचा बाबल रिक्षा घेऊन आला होता. पन्नाशीचा, लुंगी, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. त्याला बघितलं आणि आई ओरडल्या, "रे बाबल्या! मेल्या, किती सुकलंस रे! बायल जेवक घालीत नाय काय तुका?"

ही बाई कोण? आमच्या घरात सव्वीस वर्षं मी यांच्या तोंडून नुसतं पुस्तकी मराठी ऐकलं आहे. सासऱ्यांचा दंडकच होता, घरात साधं मराठी बोलायचं. मी नवी नवरी असताना 'मले भूक लागली' म्हटलं, तर याच बाईंनी ताट वाढता वाढता 'मला म्हण' असं शांतपणे सुनावलं होतं. आणि आज फलाटावर उभ्या राहून मेल्या काय, बायल काय!

"गावपळण परवा ना, बुधवारी?" मी बाबलभावजींना विचारलं.

"बघूया. कौल खंय झालो हा अजून."

"अहो, फोनवर तुम्ही बुधवार म्हणालात!"

"बुधवार म्हटलंय. खंयचो बुधवार ता सांगलंय खंय?"

आई रिक्षात मागे खो खो हसत होत्या. माझं परतीचं रिझर्व्हेशन पर्समध्ये होतं, त्याच्यावर तारीख छापलेली होती, आणि ती तारीख मानणारी त्या रिक्षात मी एकटीच होते.

गावात

घर बरं होतं, खरं सांगायचं तर फारच छान. मागे माडांची रांग, पुढे खाडी, अंगण सारवलेलं. बाबलभावजींची बायको सुलभा ही कामाला वाघ. सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ, दुपारी मासे, संध्याकाळी पुन्हा मासे. पहिल्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. मी सावजीचा रस्सा डोळ्यांत पाणी न आणता खाणारी बाई, तेव्हा आत्मविश्वासाने मोठा घास घेतला आणि त्यात काहीतरी कडकन चावलं. क्षणात जीभ बधिर. ओठ आपले की शेजाऱ्याचे, कळेना.

"तिरफळ चावलंत काय?" सुलभा म्हणाली. "ता खावचा नसता. बाजूक काढूचा."

"मग घालता कशाला?"

"वासाक."

तिला हे उत्तर पुरेसं वाटलं. तिथे सगळ्यांना सगळी उत्तरं पुरेशी वाटतात, हीच तर माझी अडचण. कौल कधी? होतलो. वीज कधी येणार? येतली. डास जातात का कधी? त्यावर तर नुसतं हसले. आमच्याकडे दोरीवर कपडा टाकून मागे वळेपर्यंत वाळतो. इथे माझी साडी तीन दिवस ओलीच, आणि मीठ बरणीतून चमच्याने खरवडून काढावं लागे. मी चिडचिड करत सगळ्यांच्या मागे 'कधी, कधी' करत फिरत होते आणि आई मागच्या दारी बसून सुलभाबरोबर मासे साफ करत कुणाचं कुणाशी लग्न झालं ते ऐकत होत्या. त्यांना कसली घाई नव्हती. रोज सकाळी त्या काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या. सराव चालला होता म्हणे.

बुधवार आला आणि गेला. त्या दिवशी कौल घेतला खरा. देवळात सगळे मांडी घालून बसले. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या. गावातले जुने मानकरी, त्यांना सगळे नाना म्हणतात, उभं राहून गाऱ्हाणं घालू लागले. आपण काय म्हणून आलो, काय मागतो, ते देवाला मोठ्याने सांगायचं आणि दर वाक्याला मंडळींनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मला ते आवडलं, नाही म्हणत नाही. पण त्यानंतर जे बसणं झालं! कुणी बोलेना, कुणी उठेना. पाकळी हलेना. माझ्या पायाला मुंग्या आल्या, त्या गेल्या, परत आल्या. शेवटी डावी पडली.

"आज देवाचा मन नाय," नाना म्हणाले आणि सगळे खुशाल घरी गेले.

शनिवारी पुन्हा कौल लावला, तेव्हा मात्र उजवी पडली. उद्या दुपारी ढोल वाजला की निघायचं. आणि मग काय सांगू! आठवडाभर खांबाला टेकून 'होतला, होतला' म्हणणारी ही माणसं एकाएकी विजेसारखी हलायला लागली. झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधली, भांडी बांधली, तांदूळ, चटया, पाळणे, सगळं बाहेर. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. मला कोपऱ्यात उभं राहायलाही जागा उरली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी माझं आणि आईंचं वाजलं. सामान नेण्यासाठी हसनभाईंचा टेम्पो आला होता. हसनभाई त्याच गावचे, मासळीचा धंदा, घरची माणसं सगळ्यांबरोबर वेशीबाहेर जाणारी. टेम्पोत पुढे मी आईंसाठी उशी लावली.

"मी चालत जाणार," आई म्हणाल्या.

"तुम्ही टेम्पोतच बसायचं!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या घरातल्याही बायका कामं थांबवून बघायला लागल्या. "रात्री गुडघे सुजले तर मी तुम्हाला कुठे नेऊ? तुमच्या देवाकडे?"

आई पायरीवर जाऊन बसल्या आणि काठीने जमिनीवर रेघा ओढत राहिल्या. मला ते बघवेना. एवढ्या लांब बाई आली ती फक्त ह्यासाठी. मी पाच मिनिटं धुसफुसले आणि मग गेले बाबलभावजींकडे. ते कोंबड्यांच्या मागे धावत होते. "भावजी," मी हळूच म्हटलं, कारण माघार घेताना कुणी मोठ्याने बोलत नाही, "आईंना चालत तुमच्याबरोबर आणा. सावकाश. मी टेम्पोतून पुढे जाते, त्यांचं अंथरूण घालून ठेवते."

"व्हय व्हय," ते म्हणाले. एक कोंबडी त्यांच्या हातातून निसटली होती.

आईंना सांगितलं, तर त्यांनी माझ्या गालाला हात लावला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मी टेम्पोत चढले.

वेशीबाहेर

गावाची वेस म्हणजे एक व्हाळ, आमच्याकडे त्याला ओढा म्हणतील, आणि त्यावर छोटा सांकव, म्हणजे पूल. पलीकडे कापणी झालेलं भाताचं मोकळं शेत. तिथे झापांच्या खोपी उभ्या राहत होत्या. कुणाची म्हैस कुणाच्या चुलीजवळ, कुणाचं पोर कुणाच्या मांडीवर. घरात असताना ज्यांच्यात कुंपणावरून वाद चालू होते म्हणे, तेही एकमेकांच्या खोपीची दोरी ओढून देत होते. मी आईंची गादी घातली, गोळ्यांचा डबा उशाशी ठेवला, गरम पाण्याची पिशवी काढली. ढोल वाजला तो इथपर्यंत ऐकू आला. मग माणसं येऊ लागली. चालत, मोटारसायकलवर, गुरं हाकत. सांकव ओलांडला की मागे वळून हात जोडायचे आणि पुढे यायचं.

बऱ्याच वेळाने मागच्या आडवाटेने सुलभा आली, डोक्यावर कोंबड्यांचं खुराडं. मागून बाबलभावजी, खांद्यावर बकरीचं पिल्लू. मी त्यांच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"आई कुठे?" मी म्हटलं.

"आत्या खंय?" त्याच क्षणी सुलभा म्हणाली.

तिच्या डोक्यावरचं खुराडं कलंडलं.

"तुमच्यावांगडा टेम्पोत नाय ती? सकाळी तुमीच म्हटलात, टेम्पोतच बसूचा."

"मी भावजींना सांगितलं होतं, चालत आणा!"

बाबलभावजींनी पिल्लू खाली ठेवलं. "माका? कधी?"

अरे बाप्पा! माझं ओरडणं अख्ख्या वाडीने ऐकलं आणि माझी माघार एकट्या कोंबडीने. या लोकांनी निघताना कोंबड्या मोजल्या, बकऱ्या मोजल्या, शेजारणीचा पिंजऱ्यातला पोपट आठवणीने आणला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई गावात विसरून आले. ऊन उतरायला लागलं होतं. आत पुऱ्या गावात एकही माणूस नाही, आणि त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये.

"चला, टेम्पो काढा!" मी हसनभाईंना म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. "भाबी, मी पण हयलोच. माझो बापूस, आजो सगळे ह्याच गावातले. एकदा भायर पडलंय. आता माका आत जावक येवचा नाय."

"अहो, म्हातारी बाई आहे ती! पडली असेल कुठे!"

सगळे गोळा झाले. मोठ्या वाटेने आलेले बरेच जण आता सांगू लागले की आत्या वाटेत दिसली होती, पण तिनेच पुढे पाठवलं, आणि कुणीतरी तिच्या मागून येतंय असं प्रत्येकाने धरलं होतं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, हे मलाही दिसत होतं. सुलभा तर रडतच होती. पण सांकवाच्या अलीकडे येऊन सगळ्यांचे पाय थांबत होते. दोघे-तिघे काठावर उभे राहून "गो आत्या! गो आत्यानू!" म्हणून हाका मारत होते. मला इतका संताप आला की मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. देवालाही सोडलं नाही.

नाना काठी टेकत पुढे आले. माझं सगळं बोलून होऊ दिलं. मग म्हणाले, "गाव अजून भायर पडताच आसा. शेवटचा माणूस अजून वाटेर आसा, आणि सूर्य वर आसा. म्हणजे काय मोडला नाय. पण भायर इललो माणूस परत आत जावचो नाय, ह्यो आमचो नेम." आणि माझ्याकडे बघून, "तुमका नेम नाय. तुमी भायरच्या."

आठवडाभर हा शब्द मी ऐकत होते. भायरची, तिका म्हायत नाय. भायरची, तिका तिरफळ सोसवूचा नाय. दर वेळी टोचला होता. या वेळी मी पदर खोचला आणि सांकवाकडे निघाले.

"रवा," नानांनी मला थांबवलं. "गाऱ्हाणां घालतंय."

"आत्ता?"

"बा देवा म्हाराजा!" नानांनी हात जोडलेसुद्धा. "आज ही परमुलखातली बाय आपल्या सासवेक हाडूक तुझ्या गावात जाता हा! तिका वाट दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं शेत गरजलं.

"तिच्या तोंडातून काय चुकला माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात झालं. मी पुढचं ऐकायला थांबले नाही.

आत

सांकव ओलांडला आणि पहिल्या वळणालाच मागचे आवाज बंद झाले. मी बऱ्याच ठिकाणी फिरले आहे, पण रिकामं गाव कधी बघितलं नव्हतं. दारांना नुसत्या कड्या लावलेल्या, एकाही दाराला कुलूप नाही. अंगणं झाडलेली. एका दोरीवर राहिलेला टॉवेल. विहिरींवर दोर गुंडाळून ठेवलेले. समुद्र एवढा जवळ आहे हे मला आठवडाभर कळलंच नव्हतं. मिक्सर, टीव्ही, मोटारसायकली यांच्यात ऐकूच आला नव्हता. आता तो कानाला लागून होता. मागे धप्प आवाज झाला आणि माझी किंकाळी निघाली. नारळ पडला होता.

"आई!" मी ओरडले. "आई, कुठे आहात?"

कुणी ओ देईना. मी धावत सुटले. वहाणेचा पट्टा तुटला, तशीच एका पायात वहाण आणि एक हातात. डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. नवऱ्याला काय तोंड दाखवू, हे मनात आलं. पण खरं सांगते, त्याहून जास्त हे आलं की उद्यापासून घरात मला 'मला म्हण' असं कोण सांगणार. शी, काय सुचतं माणसाला अशा वेळी!

गावची शाळा मागे गेली. पुढे वाट चढत होती, तिथे बाजूला चिऱ्यांचा बुटका बांध आहे, तिकडे गडगा म्हणतात. त्या गडग्यावर आई बसल्या होत्या. काठी मांडीवर आडवी. शेजारी संत्र्याच्या साली नीट एकावर एक रचलेल्या.

"इलंस?" त्या म्हणाल्या, मी येणारच होते अशा सुरात.

मला रडू फुटलं आणि त्याच्या मागोमाग राग. "इथे काय करताय? पडलात का? दुखतंय का? कुणाला हाक नाही मारता आली? सगळं गाव तुमच्या पुढून गेलं ना?"

"गेला ना. सगळ्यांनी इचारल्यानी. हसनाचो भाऊस गाडी थांबवून उभो रवलो. म्हणता, आत्या, बस."

"मग?"

"मी सांगलंय, फुडे जावा, माझी सून मागसून येता."

"आई, मी पुढे गेले होते. टेम्पोतून. तुम्ही मला हात केला होता!"

"म्हायत आसा माका."

"मग खोटं कशाला बोललात लोकांना?"

"खोटां खंय?" आईंनी माझ्याकडे बघितलं, अगदी साधेपणाने. "इलंस मा?"

मी नाक पुसलं. आईंनी पिशवीतून दुसरं संत्रं काढलं आणि सोलून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, गाडीत बसले असते तर चालणं राहिलं असतं, आणि कुणाबरोबर चालले असते तर त्यांची पावलं माझ्यासाठी अडली असती, मग दहा पावलांवर त्यांनी उचलून गाडीत घातलंच असतं. तुझ्याशी भांडता येतं, त्यांच्याशी कसं भांडू? हे सगळं आता त्या शुद्ध मराठीत सांगत होत्या, म्हणजे मला पटवायचं होतं. मी संत्रं खाल्लं. आंबट होतं. पेटी घेताना दुकानदाराने शपथेवर गोड म्हणून दिलं होतं.

"चला, सूर्य बुडतोय," मी म्हटलं.

उठताना त्यांनी माझा हात धरला आणि सपाट वाट लागताच सोडला. त्या पुढे, मी मागे, हातात तुटकी वहाण. दर घरापाशी त्या थांबत. इथे अमकी राहायची, इथे आम्ही चिंचा चोरायचो. सूर्य खाली चालला होता, माझा जीव टांगणीला, आणि ह्या बाईंची आपली शोभायात्रा! पण एका पावलालाही मी त्यांना आधार दिला नाही, हे लिहून ठेवते.

शेवटचं वळण घेतलं तर सांकवाच्या पलीकडे अख्खं गाव एका रेघेत उभं होतं. एकही पाऊल अलीकडे नाही. हात मात्र सगळ्यांचे पुढे आलेले. आई सांकवावर आल्या तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांवर उरलं होतं. त्यांनी सांकव ओलांडला, मागे वळल्या, गावाला हात जोडले, आणि तिथेच सुलभाच्या गळ्यात पडून लहान पोरीसारख्या रडल्या.

परत

पुढचे दिवस शेतात गेले. आईंचे गुडघे व्हायचे तसे सुजले. मी शेकले आणि प्रत्येक शेकाला चार शब्द सुनावले. मोकळ्यावर शिजलेली कुळथाची पिठी आणि उकडा भात मी तीन वेळा मागून घेतला, ते सुलभा अजून सांगत असेल.

तिसऱ्या दिवशी वेशीबाहेरच्या देवाच्या पाषाणावर कौल लावला. त्याच रात्रीची आमची गाडी होती. "तुमच्या देवाला सांगा, माझं रिझर्व्हेशन आहे," मी नानांना उपहासाने म्हटलं. त्या माणसाला उपहास कळत नाही. त्यांनी गाऱ्हाण्यात घातलं. "आणि ही नागपूरची बाय, तिची गाडी आसा, तेचा काय ता बग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता. पाकळी डावी पडली. गाडी गेली.

कौल मिळाला तो त्यानंतर दोन दिवसांनी. मग एकच गर्दी. प्रत्येकाला आपलं दार आधी उघडायचं होतं. आम्ही दोघी सगळ्यांच्या शेवटी निघालो, आई काठी टेकत आणि मी त्यांच्या शेजारी. गडग्यापाशी त्या बसल्या, म्हणून मीही बसले. तेवढ्यात मागून हसनभाईंचा टेम्पो आला, सामानाने आणि बायकांनी भरलेला.

"आत्या, भाबी, बसा चला!"

आई माझ्याकडे बघत राहिल्या. माझी पाठ दुखत होती, डासांनी फोडून काढलं होतं, नवऱ्याचे चार मिसकॉल होते, नवं रिझर्व्हेशन करायचं होतं, आणि त्या टेम्पोत पुढची सीट रिकामी होती.

"फुडे जावा," मी म्हटलं. "आमी मागसून येतंव."